ऋतुजाचे केस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

मागच्या महिन्यात माझी लेक ऋतुजा मला नगरला एका सलूनमध्ये घेऊन गेली. ती तिथंच कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते. सावेडीला एका कपड्यांच्या दुकानावर ही जागा. फक्त कुरळ्या केसांसाठी. दारावरच लिहिलंय, इथे केस सरळ करून मिळणार नाहीत. मी ते वाचलं आणि उगाचच डोक्यावर पदर घेतला. मी काही एरवी पदर घेत नाही.

तिथली मुलगी तिशीच्या आतली, स्वतःचे केस मोकळे सोडलेले, मोठे, गोल. तिनं ऋतूला खुर्चीत बसवलं. तिचा घट्ट बांधलेला बुचडा सोडायला हात लावला, तेवढ्यात ऋतूनं तो हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, आधी एकदा बघून घ्या हं. मला लहानपणी उवांचा फार त्रास होता. आता नाहीत. पण तरी बघा. कंगवा आणि टॉवेल मी माझा आणलाय."

तिनं खरंच पिशवीतून कंगवा काढला, टॉवेल काढला. मी मागे सोफ्यावर बसले होते. एकोणीस वर्षांची माझी पोर, इतकी हुशार, चारचौघांत न घाबरता बोलणारी — आणि डोकं दाखवताना गुन्हा केल्यासारखी मान खाली घालून बसली होती.

त्या मुलीनं बट न् बट उचलून पाहिली. हसून म्हणाली, "काही नाहीये गं. किती स्वच्छ आहे डोकं!"

ऋतूचे खांदे सैल पडले. आरशात मला दिसलं ते.

तिच्या डोक्यात उवा कधीच नव्हत्या. एकसुद्धा नाही. हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ती गोष्ट मीच रचली होती.

माझे केस कुरळे आहेत. हे वाक्य लिहायलाही मला इतकी वर्षं लागली. माझं माहेर पाथर्डीकडचं. कोरडवाहू जमीन, घरात चार बहिणी, आणि त्यात मी झिपरी. हाक मारतानासुद्धा झिपरीच म्हणायचे. देवळाली प्रवऱ्याचं स्थळ आलं — बागायती जमीन, पाटाचं पाणी, बारा महिने ऊस — तेव्हा माझी मावशी मला नगरच्या पार्लरमध्ये घेऊन गेली. केसांवर गरम इस्त्री फिरवून आणली. पाहुणे बघून गेले, होकार आला. लग्नानंतर वर्षभर मी तेल चोपडून घट्ट अंबाडा घालत होते. पुढे केस कायमचे सरळ करायची सोय निघाली. माहेरी जाते म्हणून निघायचं, वाटेत नगरला उतरायचं. नवऱ्याला कळलं असेल, नसेल. ते कधी बोलले नाहीत. सासूबाई मात्र आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईचे केस बघा, रेशीम हाय रेशीम."

आणि मग ऋतू झाली. तिसऱ्या वर्षी तिच्या डोक्यावर माझे केस उगवले.

"ही कुणाच्या वळणावर गेली बाई?" सासूबाई विचारायच्या. रागानं नाही, नवलानं. आणि मी? मी म्हणायचे, कुणास ठाऊक. माझ्या मांडीवर माझीच पोर, आणि मी म्हणायचे — कुणास ठाऊक.

ती तिसरीत होती तेव्हा नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात माझ्या माहेरची एक बाई भेटली, शेजारच्या आळीतली. तिनं ऋतूला पाहिलं आणि तोंडाला हात लावला. "अगं, ही तर तूच! अशीच झिपरी हुतीस की तू." सासूबाई हाताच्या अंतरावर बसल्या होत्या, बायकांना कुंकू लावत. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी हसले, त्या बाईला पंगतीकडे घेऊन गेले. पण पुढचे चार दिवस मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

पाचव्या दिवशी मी ऋतूला मागच्या दारी बसवलं आणि तिचे केस कापले. अगदी मुळापासून. ती विचारत होती, "मम्मी, का? मम्मी, का गं?" आणि मी म्हणाले, "उवा झाल्यात. डोकं भरलंय उवांनी."

का उवाच सुचल्या? दुसरं काही सांगता आलं असतं. उन्हाळा म्हणता आलं असतं. पण घरातल्या कुणी पुन्हा केस वाढव म्हणू नये, असं काहीतरी मला हवं होतं. किळस यावी असं काहीतरी. हे मी त्या वेळी इतकं स्पष्ट म्हटलं नसेल मनाशी. पण केलं ते याच हिशेबानं.

सासूबाईंनी तिची उशी वेगळी केली. चादरी उकळल्या. चुलतभावंडं तिला शेजारी बसू देईनात. मी डोक्याला लावायचं औषध आणलं आणि त्या नसलेल्या उवांवर दर आठवड्याला चोळत राहिले. ती डोळे मिटून बसायची. औषध डोळ्यांत गेलं तरी रडायची नाही. आपण घाण आहोत, हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

इथवर सांगून थांबता आलं असतं. पण यापुढचंच सांगायला बसलेय.

सासूबाईंनी विचारलं, "आणल्या कुठनं हिनं?" आणि मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्या कोपीवरच्या पोरीकडनं."

आमच्या उसाला त्या वर्षी तोड सुरू होती. तोडकऱ्यांच्या कोप्या, उसाच्या पाल्याच्या झोपड्या, बांधाच्या पलीकडे पडल्या होत्या. त्यांतल्या एका घरची वैशू ऋतूच्या वयाची. दोघी दिवसभर आमच्या अंगणात खेळायच्या. वैशूची आई पाथर्डीकडची. माझं बोलणं ऐकून तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "ताई, तुमी आमच्याच भागातल्या की वो!" म्हणाली होती. किती आनंद झाला होता तिला. मला झाला नव्हता.

सासूबाईंनी निरोप धाडला, पोरीला इकडे पाठवू नका, तिच्या डोक्यात उवा हायेत. संध्याकाळी वैशूची आई आली. पाचटानं हात कापलेले, तशीच उसाच्या फडातून आली होती. भांडली नाही. तिनं वैशूला आमच्या अंगणात पायरीवर बसवलं, वेण्या सोडल्या, आणि आमच्यासमोर तिच्या केसांत भांग पाडत गेली. एक भांग, मग त्याच्या शेजारी दुसरा.

"एक तरी दाखवा," ती म्हणाली. "आज्जी, तुमी बघा. ताई, तुमी तरी बघा. एक लीख दाखवा, मी पोरगी आणायची न्हाई परत."

सासूबाई वाकून बघत राहिल्या. त्यांना काही दिसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले असते की चूक झाली, तर काय झालं असतं? काहीसुद्धा नाही. सासूबाईंनी एखादा शब्द सुनावला असता. मी म्हणाले, "धुऊन आणलं असेल डोकं. आता काय दिसणार?"

वैशूच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पोरीच्या वेण्या तिथंच बसून पुन्हा घातल्या, घाई न करता, रिबिनी बांधल्या, आणि गेली. तोड संपेपर्यंत ती पोर आमच्या अंगणात आली नाही.

सलूनमध्ये दोन तास गेले. ओल्या केसांना काहीबाही लावून, बोटांनी एकेक वळण सोडवून त्या मुलीनं ऋतूला आरशापुढे उभं केलं. मी काय सांगू? मला माझी लेक पहिल्यांदा पूर्ण दिसली. ती स्वतःकडेच बघत राहिली आणि मग तोंड झाकून हसली.

"काकू, हे केस कुणाचे? तुमच्याकडचे की बाबांकडचे?" त्या मुलीनं मला विचारलं. पदर कधीच मागे घसरला होता, आणि बोलताना तिची नजर माझ्या भांगावर होती. पार्लरला जाऊन बरेच दिवस झाले होते, मुळाशी नवे कुरळे केस आले होते. तिला दिसणारच. धंदाच तिचा.

"तिच्या पप्पांच्या आजीकडचे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग ऋतूचा टॉवेल घडी घालून तिच्या हातात दिला.

शनिवार होता, म्हणून ऋतू माझ्याबरोबर घरी यायला निघाली. एसटीत ती खिडकीशी बसली, फोनमध्ये सारखी स्वतःला बघत होती. राहुरीच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या, बस थांबली. एका गाडीवर उसाच्या मोळ्यांवर एक पोरगी बसली होती. ऋतू तिच्याकडे बघत एकदम म्हणाली, "मम्मी, वैशू आठवते का गं?"

मी म्हणाले, "कोण?"

"ती कोपीवरची. मी तुला कधी सांगितलं नाही. तिच्यामुळे माझे केस गेले ना, म्हणून मी बांधावर लपून तिला दगड मारला होता. कपाळाला लागला. रक्त आलं होतं. आणि ती ओरडलीसुद्धा नाही गं. नुसती बघत होती." तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. "मला अजून आठवलं की कसंतरी होतं. लहान होते मी, पण इतका मोठा दगड... पण उवा तिनंच दिल्या होत्या ना मला?"

गाड्या पुढे सरकत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझी लेक माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला माझ्याकडून एकच शब्द हवा होता. नाही म्हटलं असतं तर मला सगळं सांगावं लागलं असतं. माझे केस, मांडव, मागचं दार. सगळं. हो म्हटलं तर फक्त एका पोरीच्या माथी पुन्हा एकदा मारायचं होतं, आणि ती पोर तिथं नव्हती.

मी म्हणाले, "हो. तिनंच."

ऋतूनं मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. बस सुटली. तिचे मोकळे केस वाऱ्यानं माझ्या खांद्यावर येत होते. मी अंग चोरून बसले.