आईचा बहरीनमधला फोटो

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, अशी तिची समजूत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

गोष्ट एका फोटोची आहे. साधाच, पण कागदावर छापलेला, चौकटीत बसवलेला. कराडला बाबांच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर. आई समुद्राकडं पाठ करून उभी आहे, हसतेय. समुद्र बहरीनचा आहे. आई — पण थांबा, आधी ती इथं आली तेव्हाचं सांगतो.

मी इथं बहरीनमध्ये एसीच्या कामाचा इंजिनीयर. सनद नावाच्या भागात भाड्याचा फ्लॅट, बायको, दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी आई व्हिजिट व्हिसावर तीन महिने आली. बाबा आले नाहीत, त्यांना विमान नको होतं. ते दर शुक्रवारी फोन करायचे आणि न चुकता विचारायचे, तिचे फोटो काढतोस ना? ढीगभर काढलेत, मी म्हणायचो.

आणि होतेच की ढीगभर! फक्त ते सगळे आईनं काढलेले होते. तिला फोनवरचं गोल बटण दाबायला शिकवलं आणि आमची सोय झाली — आम्ही चौघं एका फोटोत यायला लागलो. माझा कशाला, तुम्ही उभे राहा, असं ती म्हणायची, आणि आम्ही लगेच उभे राहायचो. एकदाच, किनाऱ्यावर, तिनं आपणहून पदर सारखा केला. म्हणाली, "एक माझाबी काढ की. ह्यांना दाखवायला." मुलं कुरकुरत होती, गाडीत एसी चालू होता. पुढच्या वेळी काढू, मी म्हणालो. एक फोटो काढायला किती वेळ लागतो? नंतर मी घड्याळ लावून बघितलंय. तीन सेकंद.

आई परत गेली आणि दुसऱ्याच महिन्यात हृदयाच्या झटक्यानं वारली. दिवसकार्य आटोपून मी निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "तिकडचा तिचा एक फोटो छापून पाठव. फोनमधला नको. बोट लागलं की पळतो तो. मला बसून बघायचाय."

इथं येऊन सगळा फोन उपसला. इथल्या फोटोंत आई कुठंच नव्हती. दोन फोटोंत कोपऱ्यात तिचं बोट आलंय, तेवढंच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगलीच्या एका लग्नात मी काढलेल्या फोटोत ती कडेला दिसत होती — डाळिंबी इरकल नेसलेली, कुणाकडं तरी बघून हसताना. बाबा त्या लग्नाला नव्हते. तो फोटो घेऊन मी इथल्याच अदलिया भागातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो. तिथला मल्याळी म्हणाला, "मम्मी को समुंदर के आगे खडा करता, खलास." आणि केलं त्यानं. इतकं सफाईनं, की घटकाभर मलाही वाटलं, हा मीच काढलाय. लीव्हवर निघालेल्या एका दोस्ताबरोबर तो कराडला पाठवून दिला.

आता बाबा. तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळण्यात त्यांची हयात गेली. कुठल्या गाठोड्यात कुठला कागद, हे डोळे मिटून सांगायचे. साहेब लोक त्यांच्या आठवणीला वचकून असायचे आणि बाबांना त्याचा गर्व होता. आईची बॅगही त्यांनीच भरली होती, यादी करून.

फोटो फोनवर असता तर एकदा बघून छान म्हणाले असते. पण कागदावरचा फोटो माणूस रोज बघतो. आठवड्याभरात त्यांचा फोन आला. "ही इरकल तिनं तिकडं नव्हती रं नेली. चार साड्या मीच ठेवल्या बॅगेत. इरकल कपाटात होती, किल्ली माझ्यापाशी."

आणि मी म्हणालो — इथंच माझी जीभ अडते — मी म्हणालो, "तुम्ही विसरलात, बाबा."

सहज म्हणालो. वर हसलोसुद्धा. वयानं होतं असं, म्हणालो.

 "आसंल," बाबा म्हणाले.

खोटा फोटो एक वेळ सोडा. दुःखात माणूस काहीही करतो — नाही, हे राहू दे, हा बहाणा झाला. मला त्या तीन शब्दांचं सांगायचंय. त्यानंतर बाबांनी स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं. गॅस बंद केला का, ते चारचारदा बघतात. बाजारात एकटे जात नाहीत. किल्ल्या गावातच राहणाऱ्या माझ्या बहिणीकडं देऊन टाकल्या. तिनं डॉक्टरांना दाखवलं, तपासण्यांत काही निघालं नाही, तरी त्यांना पटत नाही. साडी समोर दिसतेय आणि मला आठवत नाही, म्हणतात. जन्मभर कागदावर भरवसा ठेवलेला माणूस कागदापुढं स्वतःचं डोकं खोटं ठरवणार, हे मला कळायला नको होतं?

बाबांना खरं सांगू? मग तो फोटो जाईल. रोज सकाळी चहा घेऊन ते त्याच्यासमोर बसतात. ती इथं सुखात होती, एवढाच आता त्यांना आधार आहे. नको सांगू? मग माझ्या हातानं त्यांचं डोकं जातंय. दर शुक्रवारी ठरवतो, आज बोलायचंच. आणि हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवतो.

अलीकडं ते फोनशेजारी वही ठेवतात. आपल्याच आयुष्यातल्या गोष्टी मला विचारून खात्री करून घेतात. गेल्या शुक्रवारी विचारलं, "तिला दवाखान्यात न्हेलं, तवा गाडीत मी होतो का रं संगं?"

होते. तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि ती पाणी मागत होती. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. मी तेव्हा बहरीनमध्ये होतो.

"होता, बाबा," मी म्हणालो.

"तू म्हणतोस म्हंजी आसणार," ते म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.