मुकादमीणबाईंचा डावा गुडघा

दुखणं दहापैकी किती, असं आमचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला विचारायचे. मुकादमीणबाईंनी एकदाही आकडा सांगितला नाही. "काल दोन बांध्या रोवल्यावर दुखला जी. आज एकीतच बसली," असं उत्तर यायचं. पवनीच्या त्या हाडांच्या दवाखान्यात मी पंधरा वर्षं सिस्टर होते. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरांना समजायला एक हंगाम गेला. पुढे ते केसपेपरवरही बांध्याच लिहू लागले.

बाई कोंढ्याच्या. स्वतःसकट बारा बायांची टोळी घेऊन रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गावोगाव जायच्या. आमच्याकडे मुकादमीण सगळ्यांच्या आधी चिखलात उतरते आणि पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पहिली ओळ लावते. जी नुसती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून हुकूम सोडते, तिच्या टोळीला शेतकरी पुढच्या वर्षी बोलावत नाही. त्यामुळे बाईंचा डावा गुडघा बारा घरांचा होता, आणि बाई त्याच्याबद्दल तसंच बोलायच्या.

सांध्यातलं इंजेक्शन वर्षातून दोनदाच, त्याहून जास्त नाही, असं डॉक्टरांनी ठणकावलं होतं. बाईंनी त्याची वाटणी करून टाकली. "गुडघ्याची सुई रोवणीले, खांद्याची चुरण्याले." चुरणं म्हणजे मळणी, तेव्हा भारे उचलून त्यांचा उजवा खांदा धरायचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाई बाकड्यावर दिसल्या की मी विचारायच्या आधी ट्रे भरत असे.

सुई आत जाताना मोठमोठे पुरुष छताकडे बघतात. एकदोघे मी जमिनीवरून उचललेले आहेत. बाई वाकून गुडघ्याकडे बघायच्या. मी म्हटलं, "बाई, मागे टेका." तर म्हणाल्या, "बरोबर जागी जाऊन राहिली का नाही, ते पाहाले नोको का?" डॉक्टरांनी त्या दिवशी जास्त काळजीपूर्वक दिली, असं मला वाटलं.

एकदा डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवस गुडघ्याला आराम द्या. तिसऱ्या दिवशी बाई उजवा गुडघा सुजवून हजर. दोन दिवस सगळा भार उजव्या पायावर टाकून रोवणी केली होती. डॉक्टर चिडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "डाव्याले आराम देला जी. उजव्याचं तुम्ही काही सांगतलंच नव्हतं."

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी अख्खी टोळी आणली. अकरा बाया ओळीने बाकड्यांवर बसल्या. सगळ्यांना सुई द्या म्हणाल्या. मी एकेकीला विचारलं, तर पाच जणींना काहीच दुखत नव्हतं.

"मग कशाला आणल्या, बाई?"

"रोवणी लागली का दुखनच. पाण्याच्या आधी ढोरांले लस टोचतेत का नाही?"

ही लस नव्हे, हे डॉक्टरांनी पंधरा मिनिटं समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "ढोरांचा डॉक्टर बरा वो, सिस्टर. दुखायच्या आधी घरी येते."

मग एका जूनमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि नाही म्हणाले. दोन हाडांमध्ये काही उरलंच नव्हतं. इंजेक्शनचा उपयोग संपला होता. गुडघा बदलायचा, एवढाच इलाज.

"मंग चिखलात उतरता येईन?"

"ते बंद करावं लागेल. पण दुखणार नाही. चालाल. जिना चढाल."

"माह्या घराले जिना नाही जी."

बाहेर येऊन त्यांनी मला गाठलं. "सिस्टर, इतकी वर्षं पाहून राहिली तू. तूच दे एक. कोनाले सांगत नाही." मी नाही म्हटलं. गेटपाशी त्या थांबल्या, तेव्हा त्यांच्यामागे जाऊन तेच पुन्हा सांगितलं, कारण खोटी आशा वाईट. "बरं," म्हणाल्या. त्या वर्षीची रोवणी त्यांनी सुईशिवाय काढली. कशी, ते सांगितलं नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं.

गुडघा उत्तम बसला. दवाखान्यात यायचं कारण उरलं नाही, म्हणून माझी त्यांची शेवटची भेट पुढच्या जुलैत शेतावर झाली. मी कोंढ्याला कामाने गेले होते. बाई धुऱ्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. टोळी चिखलात होती. पहिली ओळ सरूबाईने लावली होती. बाईंनंतर टोळीत तीच जुनी.

शेताचा मालक आला. खुर्चीकडे बघून म्हणाला, "काहून बाई, यंदा उतरत नाही? बसून कोनती रोवणी होते जी?"

बाईंनी नव्या गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. 

चिखलात सरूबाई ताठ उभी राहिली. तिच्यामागोमाग बाकीच्या. "बाईले उठवाचं असन तर सांगा, भाऊ," सरूबाई म्हणाली. "मंग आमी बी वर येतो."

मालक अर्ध्या रोवलेल्या बांधीकडे बघत राहिला. "म्या कुठं उठवून राहिलो," म्हणाला आणि मोटारीचं पाणी बघायला निघून गेला.

"उभ्या कायले राहिल्या?" बाई ओरडल्या. "पऱ्हे सुकून राहिले."

बाया वाकल्या. बाईंनी खुर्ची धुऱ्याच्या कडेला, चिखलाजवळ ओढली.  माझ्या बसची वेळ झाली होती.