कडक स्प्रिंगा

माझ्या मुलाने, सुनीलने, पन्नाशीत स्पोर्ट बाईक घेतली. बुद्धी फिरते ती अशी. तिचा क्लच जळला म्हणून आज नात माझी परात घेऊन अंगणात तो उघडून बसली आहे. जळक्या प्लेटांचा वास स्वयंपाकघरात आला आणि तो जुना रविवार आठवला.

तेव्हा सुनील कॉलेजात होता. ह्यांची मोटरसायकल चढावर ओढत नव्हती. सुनीलने नव्या प्लेटा माझ्या परातीत ऑइलमध्ये भिजत घातल्या आणि सोबत रेसच्या गाडीच्या कडक स्प्रिंगा बसवल्या.

"बाबा, दाबून बघा."

ह्यांची बोटं सांधेदुखीने सुजलेली. दात आवळून क्लच जेमतेम दाबला आणि म्हणाले, "वा, एकदम मक्खन!"

दुसऱ्या दिवशी ड्यूटीला निघाले ते गाडी ढकलत. वळणावरच्या चहाच्या टपरीशी ती उभी केली आणि कारखान्यात पायी गेले. मी गच्चीवरून पाहिलं. संध्याकाळी म्हटलं, "पोराला सांगा की."

"राहू दे गं. पहिल्यांदाच माझ्यासाठी काही केलंय त्याने."

हिवाळाभर पायीच गेले. तेव्हा मला तो निव्वळ मूर्खपणा वाटायचा. आता समजतं, पण त्याचं कौतुक करायचाही कंटाळा येतो.

अंगणातून नातीची हाक आली, "पापा, मस्त कडक स्प्रिंगा टाकल्यात. दाबून बघा ना."

सुनीलची बोटंही हल्ली तशीच सुजतात. त्याने ओठ आवळून दाबला. "मक्खन!"

मी दारातूनच ओरडले, "खोटं बोलतोय तो. जुन्या स्प्रिंगा घाल परत. आणि माझी परात घासून ठेव."