विहिरीत शिकलेला श्वास

अंदमानला जायचं ठरलं ते जायकवाडीच्या काठावर. हिवाळ्यात आम्ही दोघं तिथं फ्लेमिंगो बघायला जातो. दुर्बीण डोळ्याला लावली की मी श्वास धरतो, म्हणजे चित्र हलत नाही. आरतीनं दुर्बीण खाली केली आणि म्हणाली, "पाण्यावरचं बघून झालं. एकदा पाण्याखालचं बघू या."

मी हो म्हणालो आणि त्या क्षणापासून घाबरलो. स्वतःसाठी नाही. माझ्या बायकोला पोहता येत नव्हतं.

मला येत होतं. देवगाव रंगारीला मामांच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी सातवीत शिकलो. मामा कठड्यावरून ओरडायचे, "दम धर! तोंड उघडलं की गेलास!" तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणला की शिकणं पूर्ण झालं, असा तिथला हिशेब. मी पहिल्याच उन्हाळ्यात गाळ आणला होता.

आरती चार महिने रोज सकाळी तरणतलावावर गेली. दोनशे मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमल्याशिवाय डायव्हिंगचा कोर्स पूर्ण होत नाही. मी काठावर बसायचो. ती थांबली की उभा राहायचो.

निघायच्या आदल्या दिवशी मामांचा फोन आला.

"समुद्राला कठडा नसतो बरं का, शिऱ्या. सूनबाईला एकटं सोडू नको."

"नाही सोडणार, मामा."

"तुझी काळजी नाय. तू तर मासाच हाइस."

औरंगाबादहून हैदराबाद, तिथून पोर्ट ब्लेअर. त्याचं नाव आता श्री विजयपुरम. नाव बदललेल्या गावातून आम्ही नाव बदललेल्या गावात उतरलो. रिक्षावाले दोन्हीकडे जुनंच नाव घेतात. पहिल्या संध्याकाळी चिडिया टापूला गेलो. पोपटांचे थवे डोक्यावरून जंगलात परतत होते. आरती पोपट बघत होती. मी खाली खडकांवर आपटणारं पाणी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. बोटीचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि उलटीची गोळी चढण्यापूर्वी घ्या. मी चढल्यावर घेतली. जेवण बंगाली खानावळीत. शाकाहारी माणसाचं भात, मसूर डाळ आणि बटाट्यावर भागतं. आम्ही घरून दाण्याची चटणी नेली होती, ती तिसऱ्या दिवशी संपली. दोघांच्या कोर्सला आमच्या जुन्या स्कूटरएवढे पैसे गेले.

शिकवणारी मिताली याच बेटावर वाढलेली. तिनं फळ्यावर एकच ओळ लिहिली आणि वाचली, "सांस कभी मत रोकना." वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. ती कोंडून ठेवली तर फुप्फुस फाटू शकतं. आरतीनं वहीत उतरवून घेतलं. मी वही उघडली नाही.

उथळ पाण्यात सराव झाला. आरतीच्या तोंडातून बुडबुड्यांची सरळ माळ वर जात होती. वर आल्यावर मितालीनं माझ्याकडे बघितलं.

"सर, बुलबुले बचाके रख रहे हो? औरंगाबाद ले जाने हैं क्या?"

आम्ही तिघं हसलो. माझ्या टाकीत आरतीपेक्षा जास्त हवा उरली होती. मला त्याचा अभिमान वाटला.

पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार असतो. त्यानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. मी तीन डाइव्ह फक्त आरतीकडे बघितलं. तिचा मास्क, तिच्या हवेचा काटा, तिचे हात. मासे किती होते ते तिनं नंतर सांगितलं.

चौथा डाइव्ह शेवटचा. बारा मीटर. खाली समुद्री गवताचं कुरण होतं आणि त्यात एक कासव चरत होतं. आमच्याकडच्या म्हशीसारखं, सावकाश, मान न उचलता. प्रथमच मी आरतीवरून नजर काढली.

आणि श्वास धरला.

कासव खाली जाऊ लागलं. गवत लहान झालं. कासव कुठंच जात नव्हतं, छातीत कोंडलेल्या हवेनं मीच वर चाललो होतो. हे समजलं तेव्हा मी दम आणखी घट्ट धरला. विहिरीत हेच करायचं असतं.

कुणीतरी माझा पट्टा ओढला. समोर आरतीचा मास्क होता. आत डोळे मोठे झालेले. तिनं तळहात स्वतःच्या तोंडापाशी नेला आणि बाहेर ढकलला. पुन्हा तसंच केलं. सोड. मी सोडला. बुडबुडे तिच्या मास्कवर आदळले. तेवढ्यात मिताली पोचली आणि आम्हाला हळूहळू वर घेऊन आली.

नावेवर बसून मी मास्क काढला. आरतीनं टॉवेल दिला.

"तुझे बुडबुडे थांबले होते."

"कासव होतं ना."

"अरे, कासवच होतं. ते कुठं पळून जाणार होतं?" मग ती काठाला टेकून बसली.

मिताली म्हणाली, "मॅडम को पास होने का कार्ड मिल जाएगा. सर, आपका नहीं. एक डाइव्ह और करना पड़ेगा."

तो करता आला नाही. शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. राहिलेला डाइव्ह वर्षभरात करता येतो, असं ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही देवगावला गेलो. मामा विहिरीपाशीच भेटले.

"किती वेळ व्हतास खाली?"

"चाळीस मिनिटं."

"दम धरून?"

"सोडून, मामा. धरला म्हणून नापास झालो."

मामांनी आरतीकडे बघितलं. तिनं मान डोलावली. "व्हय का?" ते म्हणाले आणि विहिरीत बघत राहिले. "मग मी सगळ्यांना उलटंच शिकवलं की."

"विहिरीपुरतं बरोबर आहे," आरती म्हणाली.

परतताना वाट वाकडी करून जायकवाडीला गेलो. फ्लेमिंगो दूर पाण्यात उभे होते. मी दुर्बीण लावली. जरा वेळानं पाठीवर आरतीचा हात आला आणि तिथंच थांबला. मी श्वास सोडला. चित्र हललं.

पक्षी उडाले नाहीत.