इनासभाऊंच्या खिशातले सुकेळे

‘इनासभाऊ साऱ्या सांडोरला गोड सोडण्याचा उपदेश करीत आणि स्वतःच्या खिशात मात्र सुकेळी बाळगीत. लग्नाच्या मांडवामागे लपून ती खाताना प्रस्तुत लेखकाने त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. अखेर साखरेने सूड घेतलाच. पायाची जखम कधी भरली नाही आणि त्या जखमेनेच त्यांना नेले.’

हा मजकूर आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लेखक व्हिक्टर, इनासभाऊंचे सख्खे मेहुणे. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी आखातात काढली, सुटीत येऊन गावाला अक्कल शिकवली आणि आता निवृत्तीनंतर ते आठवणी लिहितात. यातले मांडवामागचे वाक्य अर्धे खरे आहे. पूर्ण खोटे रचायला निदान कल्पनाशक्ती लागते. अर्धे खरे लिहायला केवळ आळस पुरतो. स्मरणिकेच्या संपादकांना मी हे तोंडावर सांगितले. ते म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो भाऊसाहेब, गमतीचा लेख आहे.’’ मेलेल्या माणसाला लबाड ठरवणे ही ज्यांना गंमत वाटते त्यांच्यासाठी मी लिहीत नाही. ज्यांनी इनासभाऊंना पाहिलेच नाही त्यांच्यासाठी लिहितो.

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर मी सांडोर या गावी घर बांधले. माझी मागची भिंत जिथे संपते तिथे इनासभाऊंची केळीची वाडी सुरू होत असे. आमची पहिली भेट भांडणाची. माझ्या गवंड्याने त्यांच्या पाटात चुना सांडला म्हणून ते तावातावाने आले, माझ्या दारात उभे राहून अर्धा तास बोलले आणि जाताना म्हणाले, ‘‘आता बोलून झालं. चहा हाय काय?’’ त्या चहात त्यांनी चार चमचे साखर घातली. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण हा माणूस जन्मतः विरक्त होता असे उद्या कोणी लिहील, आणि मला पुन्हा लेखणी उचलावी लागेल.

त्यांची घरातली बोली मी येथे पूर्ण उतरवत नाही. व्यासपीठावर तिच्या नकला करून टाळ्या मिळवणारे पुष्कळ झाले आहेत. मला तिचा खेळ करायचा नाही.

इनासभाऊ सुकेळी करीत. राजेळी केळी पूर्ण पिकवायची, सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी उचलून झाकायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. काही दिवसांनी ती मधाच्या रंगाची झाली की वाळल्या पानात घट्ट बांधायची. त्या दिवसांत आमच्या आळीला जो वास येई तो नव्या इमारतींतल्या मंडळींना सांगून कळणार नाही. त्यांना सुकेळी दाखवली तर ती खजुराचा प्रकार समजतात.

अशा माणसाला मधुमेह जडला. बरीच वर्षे त्यांनी तो गोळ्यांवर आणि दुर्लक्षावर चालवला. मग एका उन्हाळ्यात वाळवणाच्या बांबूची कूस उजव्या अंगठ्यात शिरली आणि त्यांना ती कळलीसुद्धा नाही. पाय कधीच बधिर झाले होते. रोझीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, फरशीवर डाग दिसले तेव्हा अंगठा काळवंडू लागला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पाहिले आणि थंडपणे सांगितले की अंगठा काढावा लागेल, कदाचित त्याच्या वरपर्यंतही जावे लागेल. मी सोबत होतो. इनासभाऊ म्हणाले, ‘‘डॉक्टर, वाडीत पाट हाय, चिखल हाय. कुबडी रुतते.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘मग साखर उतरवून या. उतरली तर बघू.’’ ते असे म्हणाले की उतरणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

साखर उतरवण्याचा मार्ग नालासोपाऱ्यात नव्याने दवाखाना थाटलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दाखवला. भात, पाव, बटाटा, साखर, केळे बंद. अंडी, मासळी, मटण, तूप, नारळ, पालेभाजी चालू. आता या आहाराला परदेशी नाव मिळाले आहे. चंदनसारच्या उंच इमारतींत राहणारी मुले व्यायामशाळेतून येता येता तो नवा शोध म्हणून मला समजावून सांगतात आणि रविवारी पुऱ्या खाऊन सोमवारी पुन्हा सुरू करतात. इनासभाऊंना रविवार नव्हता. त्यांना पाय होता.

भुकेविषयी मी वाचले पुष्कळ होते. ती पाहिली इनासभाऊंच्या ओसरीवर. पोट भरलेले असे, तरी माणूस भुकेला असे. दोन अंडी, बांगडा, वर तुपातली भाजी खाऊन उठले तरी अकरा वाजता त्यांचे डोळे दुसरीकडे लागत. आणि बसायचे कुठे, तर उन्हात मांडलेल्या सुकेळ्यांसमोर. कावळे हाकलायला दुसरे कोणी नव्हते. पिकल्या केळ्याच्या वासात बसून हा मनुष्य खोबऱ्याचा तुकडा चघळी, माशाच्या डोक्याचे खारट कढण पेल्याने पिई आणि समोरच्या सुकेळ्यांकडे असे बघे की ती त्यांचे देणे लागतात. ‘‘भूक मारायची नाय, भाऊसाहेब,’’ ते म्हणत. ‘‘मारली की ती भूत होऊन येते. तिला बाकावर बसवून ठेवायची. बस म्हनायचं, तुझा नंबर येईल.’’

त्या काळात त्यांचा स्वभाव असह्य होता. इथे मी मित्र म्हणून काही झाकणार नाही. पाववाल्याची सायकल आळीत आली की ते कुंपणापाशी धावत. ‘‘माझ्या फाटकासमोर भोंगा वाजवशील तर टोपली पाटात जाईल!’’ बिचारा पुढे आमची आळी मुक्याने ओलांडू लागला आणि माझ्याही घरचा पाव बंद झाला. रोझीबाई त्यांना दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात दाराआड भात खात. ते त्यांना समजले तेव्हा ओरडून म्हणाले, ‘‘माझ्यासमोर बसून खा! लपवून खाल्लास तर नुसता वास येतो, आनि मी दुपारभर त्या वासावर जगतो.’’ त्या दिवसापासून ती बाई त्यांच्यासमोर भात जेवली. किती कठीण गेले असेल, हे स्मरणिकेत कोणी लिहिले नाही.

गावाने मदत केली ती अशी. जो येई तो आग्रह करी. ‘‘एक फुगा खा, इनास, एका फुग्याने काय मरत नाय.’’ फुगा म्हणजे तळलेला गोल पाव, आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतला सणाचा मानाचा पदार्थ. ते उत्तर देत, ‘‘मी नाय मरनार. अंगठा मरेल.’’ बाजारात एकाने चार माणसांत टोमणा मारला, ‘‘केळीवाला केळी खात नाय! औषध मारतोस काय रे केळ्यांवर?’’ इनासभाऊ त्याच्या लाल डोळ्यांकडे बघून म्हणाले, ‘‘गुत्तेवाला शुद्धीत बसतो, म्हनून तू जायचा राहिलास काय?’’ आग्रह करणाऱ्यांपैकी एकालाही मी जखम बांधताना पाहिलेले नाही. ते काम रोज सकाळी मी करीत असे. रोझीबाईंचे हात कापत, आणि माझे हात कचेरीतल्या टाचणी आणि लाखेने तयार झालेले होते.

आता मांडवाची गोष्ट. गावात लग्न होते, व्हिक्टर सुटीवर आले होते. इनासभाऊ वऱ्हाडामागून बँडबरोबर चालत निघाले, हातात नवरीच्या घरी द्यायची सुकेळ्यांची पुडी. सकाळी त्यांनी एक अंडे खाल्ले होते आणि मधुमेहाच्या जुन्या डॉक्टरांच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या होत्या. चूक तिथेच होती. आहार एका डॉक्टरांकडून घेतला, गोळ्या दुसऱ्यांच्या चालू ठेवल्या, आणि या दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही. गोळी कधी चुकवायची नाही असे त्यांना वर्षानुवर्षे बजावलेले होते. गोळीला उतरवायला साखर लागते. खाण्यातून ती येईनाशी झाल्यावर गोळी रक्तातलीच ओढू लागली.

मांडवाशी पोहोचता पोहोचता इनासभाऊंनी क्लॅरिनेटवाल्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. अंगावरचा सदरा घामाने चिंब. मला ओळखून म्हणाले, ‘‘तुझा चुना काढ माझ्या पाटातून.’’ तो चुना सांडून बरीच वर्षे झाली होती. लोक हसले, सकाळीच घेतली वाटते, असे कोणी तरी म्हणाले. व्हिक्टरही हसले. माझ्या थोरल्या बंधूंना हा विकार असल्यामुळे साखर फार उतरल्याचे ते लक्षण मी ओळखले. दंडाला धरून मी त्यांना मांडवामागे नेले, नवरीची पुडी फाडली आणि सुकेळे त्यांच्या तोंडात अक्षरशः कोंबले. ते थुंकू पाहत होते. ‘‘नाय! पाय जाईल!’’ शुद्ध हरपत असताना त्या माणसाला दुसरे काही सुचत नव्हते. मी त्यांचा जबडा धरला. ‘‘चावा, नाही तर आज तुम्हीच जाल!’’ नेमके तेव्हा व्हिक्टर कनातीमागून डोकावले, ‘‘वा भाऊजी!’’ म्हणाले आणि इंद्यालाच्या, म्हणजे आंबट-तिखट मटणाच्या, पानावर जाऊन बसले. त्यांनी पाहिले ते एवढे. मांडवामागे कोणी लपले नव्हते. लपायला आधी शुद्ध लागते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नालासोपाऱ्याला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘भात बंद केलात आणि ही गोळी तशीच चालू? काका, मला विचारायचं तरी!’’ त्यांनी जुन्या डॉक्टरांना फोन केला, एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली आणि सांगितले की घाम आणि थरथर सुरू झाली तर तत्त्वज्ञान करत बसू नका, गोड खा. इनासभाऊंनी विचारले, ‘‘सुकेळं चालेल?’’ त्या म्हणाल्या, ‘‘धावेल!’’

तेव्हापासून इनासभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात वाळल्या पानात बांधलेले एक सुकेळे असे. स्मरणिकेतले ‘सुकेळी बाळगीत’ ते हे. भुकेचे त्यांचे शास्त्रही मग विस्तारले. ‘‘तोंडातली भूक लबाड. पोटातली खरी, पन ती थांबते. गुडघ्यातली लागली तर वाद घालायचा नाय, खिशात हात घालायचा.’’ गोळी कमी झाल्यावर गुडघ्यातली भूक फारशी आली नाही आणि ती पुडी सुकून लाकूड होई. रोझीबाई ती अधूनमधून बदलत. जुने सुकेळे कोंबड्यांना मिळे. गावाने मात्र खिसा पाहिला आणि निष्कर्ष काढला. चष्मेवाल्याच्या खिशात चष्म्याचे घर दिसले तर तो चष्मा चोरतो असे म्हणणारी ही माणसे.

आणि उपदेश? ‘साऱ्या सांडोरला उपदेश करीत’ हेही थोतांड आहे. कोणी पथ्य विचारले तर ते म्हणत, ‘‘तुझ्या पोटाचं मी काय सांगू? डॉक्टरला विचार. आनि गोळीचं आधी विचार.’’ हा उपदेश असेल तर असा उपदेश करणारे आणखी चार असते तरी बरे झाले असते. माझे बंधू ज्या ऐटीत सगळ्यांचे सगळे ऐकत आणि कोणालाच काही विचारत नसत, त्या ऐटीतच ते गेले.

साखर उतरली. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी मृत भाग खरवडून काढला, औषधे दिली आणि पुढची तारीख दिली. मग आणखी पुढची. श्रेय एकट्या आहाराला द्यावे असे मी म्हणत नाही. पट्ट्या होत्या, इंजेक्शने होती. परंतु ज्याची साखर वर आहे त्याची जखम नुसत्या पट्ट्यांनी भरत नाही, हे त्याच डॉक्टरांचे शब्द. चोरून खाणारा मनुष्य बायकोला फसवील, गावाला फसवील. अंगठ्याला फसवता येत नाही.

इनासभाऊ त्यानंतर काही वर्षे वाडीत चिखल तुडवत हिंडले आणि एका पावसाळ्यात न्यूमोनियाने चार दिवसांत गेले. व्हिक्टर आखातात होते. दफनानंतर आठवड्याने पोहोचले. जखमेने नेले हे त्यांना कोणी सांगितले, मी विचारले. म्हणाले, ‘‘सगळे तेच बोलतात.’’ सगळ्यांपैकी दफनाच्या सकाळी मयताच्या खोलीत कोणीही नव्हते. रोझीबाई होत्या आणि मी होतो. सूट चढवून झाला होता. त्या म्हणाल्या, ‘‘पायांचं तुम्ही करा भाऊसाहेब, त्या पायाला तुमची सवय हाय.’’ मी खाली बसलो, मोजे चढवले, बूट चढवले, नाड्या बांधल्या. उजव्या पायाचा अंगठा जागेवर होता आणि त्यावर जखम नव्हती.