मी जातो

आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हा दादा पुण्याहून मिरजगावला बोलणारा टॅब घेऊन आला. चित्रावर बोट ठेवायचं, की आतून एक बाप्या बोलणार, "मला पाणी हवे आहे." जिच्या तोंडाला अख्खी आळी टरकायची, ती माझी आई आता बातम्या देणाऱ्याच्या आवाजात पाणी मागू लागली.

त्यात 'धन्यवाद'ची दोन बटणं होती. आमच्याकडं घरच्या माणसाला कोण धन्यवाद म्हणतं? 'नको'चं मात्र एकही नव्हतं. बनवणाऱ्याच्या घरातली आजारी माणसं फार गुणी असावीत.

दादाच्या हे पथ्यावरच पडलं. त्याला घराला कुलूप लावून आईला आपल्या फ्लॅटवर न्यायचं होतं. आई मान हलवून हलवून नको म्हणत होती.

"झटक्यानं हलते तिची मान," हा शहाणा मलाच समजावायचा. "काही सांगायचं असेल तर टॅबवर सांगेल की." असा संताप यायचा, की तो टॅब त्याच्याच डोक्यात घालावा.

निघायच्या दिवशी गाडी दारात लागली. निरोप द्यायला आलेल्या मावशीनं आईच्या उजव्या तळव्यावर दही ठेवलं.

"आई, सांग बरं सगळ्यांना, निघते म्हणून," दादा कौतुकानं म्हणाला.

आईनं बोट ठेवलं. "मी जातो," बाप्या बोलला.

मावशीनं दह्याची वाटी खाली आदळली. घरातून निघताना आमच्याकडं 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जाते म्हणणारं माणूस परत येत नाही.

"अगं बया, असं वंगाळ बोलू न्हाई! येते म्हन, येते!"

पण त्या डबड्यात 'येते' होतं कुठं? आईनं पुन्हा बोट ठेवलं. "मी जातो." आणि पुन्हा. "मी जातो."

"आज न्हाई निघायचं," मावशीनं फर्मावलं. "आज काय, ह्या महिन्यात न्हाई. उतरव सामान."

आणि आईची हलती मान ज्याला इतके दिवस दिसली नव्हती, तो आमचा इंजिनियर अपशकुनाला भिऊन मुकाट्यानं बॅगा उतरवू लागला.

"चुकून दाबलं गेलं असेल," माझ्याजवळ येऊन तो पुटपुटला. "हातात जोर कुठाय तिच्या."

आईच्या उजव्या तळव्यावर दही तसंच होतं. बटण तिनं डाव्या हातानं दाबलं होतं, मावशीकडं बघत.