मिठाचा खड्डा

सिरसाळ्याच्या जिनिंगमध्ये कापूस तोलणाऱ्या धोंडीरामाच्या घरी वीज आली, तेव्हा निम्मं गाव बघायला लोटलं. निजामाचं राज्य, तिकडे लढाई पेटलेली, रॉकेलची मारामार, आणि ह्याच्या दोन खणांच्या घरात बटण दाबलं की उजेड. खरं तर त्यात धोंडीरामाचं कर्तृत्व काही नव्हतं. घर इंजनघराला लागून, म्हणून मालकाची मेहेरबानी झाली. इंजनवाल्या कासमने लाकडी पट्टीतून दोन तारा आणल्या आणि मालकाकडचा जुना पितळी दिवा देवळीजवळ टांगून दिला. दिव्याला जमिनीत जाणारी तिसरी तार लागते असं तेव्हा कुणाला वाटत नसे. कासमलाही वाटलं नाही.

धोंडीरामाची बायको भिवराबाई मात्र हरखली नाही. पटकीच्या साथीत तिची चार वर्षांची अंजना गेली, तेव्हापासून हरखणं तिने सोडलंच होतं. पोर गेली तेव्हा ती स्वतः त्याच दुखण्याने बेशुद्ध होती. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. धोंडीरामाने गावाबाहेर खड्डा केला, मीठ घातलं, पोरीला ठेवलं. पुढे साथीत तिथे इतके खड्डे झाले, की भिवराबाई हिंडूफिरू लागली तेव्हा आपला कोणता, हे त्यालाही सांगता येईना. आईला बसून रडायला जागासुद्धा उरली नाही.

पावसाळ्यात भिंती ओलावल्या. एका सांजेला भिवराबाईने भुई सारवली आणि तशीच अनवाणी उभी राहून ओल्या फडक्याने दिवा पुसू लागली. हाताला मुंग्या आल्या. दुसरी कुणी असती तर फडकं टाकून पळाली असती. ही तशीच उभी राहिली. अंजना रोज तिच्या दंडावर डोकं टाकून झोपायची, आणि पहाटे तिचा हात अस्साच मुंग्यांनी भरून यायचा.

मग ती रोज दिवा पुसू लागली. वेडी म्हणा हवं तर, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एकदा धोंडीराम हात धुऊन आला, तिरका झालेला दिवा सरळ करायला गेला आणि भिंतीवर जाऊन आदळला. सावरल्यावर तो तडक कासमला घेऊन आला. कासमने बोटांची उलटी बाजू पितळेला निसटती लावली आणि त्याचा चेहराच उतरला.

"वैनी, तुमी ह्याला हात तर लावीत न्हाई ना?"

"रोज लावते," भिवराबाई म्हणाली, आणि का लावते तेही तिने सांगून टाकलं.

कासमने बटण बंद करून तार न्याहाळली. मग म्हणाला, "तारंवरचं रबर कुजलंय. लढाईमुळं नवी रबरी तार मिळंना. दिव्याच्या पितळेपासून एक उघडी तार भुईत सोडतो. मंग मुंग्या येनार न्हाईत."

"मंग नगा करू."

"जीव जाईल, वैनी."

"जाऊ द्या की."

"आन म्या काय करू?" धोंडीराम हळूच म्हणाला. "एक पुरली, आता दुसरी जाळू?"



दुसऱ्या दिवशी घरामागे खड्डा झाला. कासमने तळाशी तांब्याचा पत्रा ठेवला, तार जोडली, कोळसा टाकला आणि पोत्यातून मीठ ओतायला लागला. मीठ बघताच धोंडीरामाने कुदळ खाली ठेवली आणि तो पुढच्या अंगणात निघून गेला. भिवराबाई कडेला उभी होती.

"मीठ कावून?"

"वल धरून ठेवतं. हा खड्डा वाळू द्यायचा न्हाई, वैनी. रोज तांब्याभर पानी घालीत जा."

"दिव्यातलं ते हितं येतं?"

"तारंतून हितंच येतं," कासम म्हणाला. ते खरंच होतं, तरी त्याने मान वर केली नाही.

सांजेला तिने दिव्याला हात लावला. नुसतं थंड पितळ. मग ती मोठ्याने रडली, साथीपासून पहिल्यांदाच. आणि सकाळी तांब्या घेऊन घरामागे गेली.

पुढे जिनिंग बसली. दिवा विझला, तारा उतरवल्या. मालकाची माणसं तांब्याचा पत्रा उकरायला आली, तेव्हा भिवराबाई खड्ड्यावर ठाण मांडून बसली. "मिठानं खाल्ला तो पत्रा, काय न्हाई त्यात," कासमने त्यांना सांगितलं आणि वाटेला लावलं. विहिरी आटल्या त्या उन्हाळ्यातही तिने आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी तिथे घातलं. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी ती तापाने गेली.

तिची राख सावडून धोंडीराम घरी आला. मीठ पाहून पळाला होता, तेव्हापासून तो घरामागे फिरकला नव्हता. त्याने तांब्या भरला, मागे जाऊन पाणी ओतलं आणि ते मुरेपर्यंत उकिडवा बसून राहिला.

"अंजे," तो म्हणाला, "आजपासून म्या येत जाईन, माय."